व्हिडिओ खेळ : मालकीचे, वर्गणीचे आणि पैजेचे

जालना जिल्ह्यातील शेतकऱ्याला बियाण्याचा हिशेब शिकवावा लागत नाही. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजेच ‘महिको’, स्थापन केली आणि पुढे हे शहर बियाणे उद्योगाचे केंद्र म्हणून देशभर ओळखले जाऊ लागले. सरळ वाणाचे बी घरी राखून पुढल्या हंगामात पेरता येते. संकरित बी दर हंगामाला नव्याने विकत घ्यावे लागते. उत्पन्न अधिक मिळते म्हणून शेतकरी ते घेतो. परंतु त्याचा खर्च दर वर्षी उभा राहणार, हे गृहीत धरूनच घेतो. आणि पिकाच्या भावावर लावलेला सट्टा म्हणजे शेती नव्हे, हेही तो जाणून असतो.

नेमका हाच हिशेब आज त्याच्या घरातील मुलामुलींच्या व्हिडिओ खेळांना लागू पडतो. या खेळांचे तीन प्रकार झाले आहेत : एकदा विकत घेऊन जवळ ठेवावयाचे, वर्गणी भरून खेळावयाचे आणि पैसे पणाला लावून खेळावयाचे. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. कुटुंबाच्या खर्चावर आणि मुलांच्या भवितव्यावर त्यांचा होणारा परिणाम मात्र अगदी भिन्न आहे. मुले ‘गेम’ खेळतात एवढे पालकांना ठाऊक असते. त्यापोटी पैसा कोठे, किती आणि किती काळ जाणार आहे, हे पुष्कळदा ठाऊक नसते. शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि विस्तार कार्यात असलेले अधिकारी यांनी हा फरक समजावून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

अर्धशतकाचा प्रवास

घरच्या दूरदर्शन संचाला जोडून खेळावयाचे पहिले व्यापारी यंत्र ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’ हे होय. राल्फ बेअर या अभियंत्याच्या संशोधनातून सिद्ध झालेले हे यंत्र १९७२ साली अमेरिकेत विक्रीस आले. १९८३ मध्ये जपानच्या निन्टेंडो कंपनीने ‘फॅमिकॉम’ बाजारात आणले. सोनी कंपनीचे ‘प्लेस्टेशन’ डिसेंबर १९९४ मध्ये, तर मायक्रोसॉफ्टचे ‘एक्सबॉक्स’ नोव्हेंबर २००१ मध्ये आले. अशा यंत्रास ‘कन्सोल’ असे म्हणतात.

भारतात १९८२ साली रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि त्यानंतर दूरदर्शन संच घरोघर पोहोचू लागले. नव्वदच्या दशकात संचाला जोडावयाचे स्वस्त खेळयंत्र आणि त्यात बसवावयाची ‘कॅसेट’ शहरांतील मुलांच्या परिचयाची झाली. ही कॅसेट मित्राला देता येई, बदलून घेता येई, जुनी झाल्यावर विकताही येई. त्या काळच्या खेळात मालकी कोणाची, हा प्रश्न कधी उद्भवला नाही. तो पुढे इंटरनेटमुळे उद्भवला.

कन्सोलचा पक्ष

कन्सोल पसंत करणाऱ्या खेळाडूंचे म्हणणे सरळ आहे. यंत्र घ्यावे, दूरदर्शन संचाला जोडावे आणि खेळावे. कोणता भाग बसवावा, कोणता बदलावा याची चिंता नाही. यंत्रासाठी तयार झालेला खेळ त्या यंत्रावर व्यवस्थित चालतो. एक यंत्र साधारणतः सहा-सात वर्षे उपयोगी पडते. घरातील दोघे-तिघे एका खोलीत बसून एकत्र खेळू शकतात, हाही एक मोठा गुण होय.

परंतु आरंभीचा खर्च मोठा असतो. ‘प्लेस्टेशन ५’ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी विक्रीस आले, तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. डिस्क न चालणारी आवृत्ती ३९,९९० रुपयांना होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये या किमती प्रत्येकी ५,००० रुपयांनी वाढविण्यात आल्या. मोठ्या कंपनीच्या नव्या खेळाची किंमतही चार-पाच हजार रुपयांच्या घरात असते.

येथे डिस्क असलेले यंत्र आणि डिस्क नसलेले यंत्र यांतील भेद ध्यानात घ्यावा. दुसरे स्वस्त दिसते; पण त्यावरील प्रत्येक खेळ कंपनीच्याच दुकानातून इंटरनेटवरून घ्यावा लागतो, आणि तो पुन्हा विकता येत नाही. पहिल्यावर घेतलेली डिस्क खेळून झाल्यावर विकता येते. डिस्क हे घरी राखलेले बी होय.

संगणकाचा पक्ष

संगणकावर खेळणाऱ्यांचा युक्तिवाद निराळा आहे. त्यांच्या मते केवळ खेळण्यासाठी यंत्र घेण्यापेक्षा अभ्यासाच्याच यंत्रावर खेळावे. ग्राफिक कार्ड, स्मरणक्षमता हे भाग ऐपतीप्रमाणे पुढे वाढविता येतात. व्हॉल्व्ह कंपनीने सप्टेंबर २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टीम’ या इंटरनेटवरील दुकानात २०१५ पासून रुपयांत किमती दिल्या जातात, आणि वर्षातून अनेकदा मोठ्या सवलतीत खेळ मिळतात. कन्सोलवर बहुतेक विकतचे खेळ इंटरनेटवरून इतरांशी खेळण्यासाठी वेगळी वर्गणी भरावी लागते. संगणकावर सामान्यतः तशी वर्गणी लागत नाही.

उणिवाही आहेत. चांगले ग्राफिक कार्ड महाग असते आणि कोणता खेळ कोणत्या संगणकावर चालेल याची माहिती स्वतः काढावी लागते. वीज खंडित झाल्यास संगणक एकाएकी बंद पडतो, म्हणून बॅटरीवर चालणारा पूरक संच किंवा लॅपटॉप घ्यावा लागतो. तसेच स्टीमसारख्या दुकानात पैसे भरून मिळतो तो खेळ वापरण्याचा परवाना. वस्तूची मालकी नव्हे. ही बाब ग्राहकास स्पष्ट सांगितली जावी असा कायदा अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये केला आणि तो १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला.

तरीही ग्रामीण कुटुंबाच्या दृष्टीने संगणकाचा एक लाभ निर्णायक ठरतो. ज्या संगणकावर मुलगी खेळते, त्याच संगणकावर ती लेखन, हिशेब, चित्रकला आणि प्रोग्रॅमिंग शिकू शकते. त्रिमितीय चित्रे घडविणारे ‘ब्लेंडर’ आणि खेळ तयार करण्याचे ‘गोडो’ ही दोन्ही साधने विनामूल्य आहेत. कन्सोल मुख्यत्वे खेळण्यासाठी असते. संगणक खेळ घडविण्यासाठीही असतो.

वर्गणीचा पक्ष

तिसरा मार्ग वर्गणीचा. मायक्रोसॉफ्टने ‘गेम पास’ ही सेवा जून २०१७ मध्ये सुरू केली. सोनीने आपल्या ‘प्लेस्टेशन प्लस’ या २०१० पासूनच्या सेवेची जून २०२२ मध्ये नव्या श्रेणींत मांडणी केली. ठरावीक रक्कम भरावी आणि सेवेत असलेल्या शेकडो खेळांपैकी हवा तो खेळावा, अशी ही व्यवस्था आहे. ज्याला अनेक खेळ चाखून पाहावयाचे आहेत त्याला ती निःसंशय लाभदायक आहे. न आवडलेल्या खेळासाठी चार हजार रुपये वाया जात नाहीत.

मात्र येथे तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. पहिली, वर्गणी थांबली की खेळही थांबतो. दुसरी, यादीतील खेळ कंपनी केव्हाही कमी करू शकते. तिसरी, दर वाढू शकतो. १ ऑक्टोबर २०२५ रोजी गेम पासच्या सर्वांत वरच्या श्रेणीचा अमेरिकेतील मासिक दर १९.९९ डॉलरवरून एकदम २९.९९ डॉलर करण्यात आला, आणि तेथील खेळाडूंनी तीव्र नाराजी व्यक्त केली.

सेवा समूळ बंद पडण्याचीही उदाहरणे आहेत. गूगलने नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू केलेली ‘स्टेडिया’ ही सेवा १८ जानेवारी २०२३ रोजी बंद केली. तिच्या दुकानातून घेतलेल्या खेळांचे पैसे कंपनीने परत केले. पण तसे दर वेळी घडत नाही. यूबीसॉफ्ट कंपनीचा ‘द क्रू’ हा २०१४ चा मोटारशर्यतीचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीचे सर्व्हर बंद होताच विकत घेणाऱ्यांनाही खेळता येईनासा झाला. त्यावरून अनेक देशांतील खेळाडूंनी विकलेला खेळ कायम खेळता यावा, यासाठी चळवळ उभारली. खेळाच्या क्षेत्रातील हा ग्राहकहक्काचाच प्रश्न आहे.

डेटाचा हिशेब

शहरातील खेळाडूची मते खेड्यात जशीच्या तशी लागू पडत नाहीत, याचे मुख्य कारण इंटरनेट. आजचा एखादा मोठा खेळ १०० गिगाबाइटचाही असतो. ज्या घरात दररोज २ गिगाबाइट डेटा देणाऱ्या मोबाईलवरच सर्व भिस्त आहे, त्या घरी तो उतरवून घेण्यास ५० दिवस लागतील. आणि त्या ५० दिवसांत दुसरे कोणतेही काम करता येणार नाही.

अलीकडे खेळ दूरच्या सर्व्हरवर चालवून त्याचे केवळ चित्र घरी पाठविणाऱ्या ‘क्लाउड’ सेवाही आल्या आहेत. त्यांना महागडे यंत्र लागत नाही, हे खरे. परंतु अशा सेवेला दर सेकंदाला सुमारे १० मेगाबिट वेग लागला, तर तासाला साडेचार गिगाबाइट डेटा खर्च होतो. म्हणजे दिवसाचा २ गिगाबाइटचा साठा अर्ध्या तासाच्या आतच संपतो. फायबर जोडणी असलेल्या जालना शहरातील घरात जी सेवा स्वस्त पडते, तीच मंठा किंवा जाफराबाद तालुक्यातील मोबाईलवर विसंबलेल्या वस्तीत महाग पडते.

एका कुटुंबाचा आकडेमोडीचा धडा

उदाहरणादाखल परतूर तालुक्यातील एक कुटुंब घेऊ. पुढील आकडे केवळ हिशेबासाठी गृहीत धरलेले आहेत.

कन्सोल ५०,००० रुपयांचे आणि दर वर्षी ४,००० रुपयांच्या तीन डिस्क घेतल्या, तर पाच वर्षांत डिस्कवर ६०,००० रुपये आणि एकूण १,१०,००० रुपये खर्च होतील. सर्व डिस्क निम्म्या किमतीस विकल्या, तर ३०,००० रुपये परत येऊन निव्वळ खर्च ८०,००० रुपये राहील.

तेच कन्सोल घेऊन दरमहा ६०० रुपयांची वर्गणी भरली, तर पाच वर्षांची वर्गणी ३६,००० आणि एकूण खर्च ८६,००० रुपये होईल. दोन वर्षांनंतर दर ९०० रुपये झाला, तर वर्गणीच ४६,८०० रुपयांवर जाईल आणि एकूण खर्च ९६,८०० रुपये होईल. पाच वर्षांनी विकण्यासारखी एकही डिस्क हाती नसेल. पण हीच वर्गणी केवळ उन्हाळ्याच्या सुटीत दोन महिने भरून बंद केली, तर पाच वर्षांत अवघे ६,००० रुपये लागतील आणि एकूण खर्च ५६,००० रुपयांवर थांबेल.

आता संगणक घेऊ. अभ्यासासाठी ४०,००० रुपयांचा संगणक घ्यावयाचाच आहे. खेळासाठी त्यावर आणखी ३०,००० रुपये खर्च केले आणि सवलतीच्या काळात वर्षाला ४,००० रुपयांचे खेळ घेतले, तर पाच वर्षांत खेळापोटी होणारा जादा खर्च ५०,००० रुपये होतो.

यावरून दिसून येते की वर्गणी मुळात महाग नाही. बंद करावयास विसरलेली वर्गणी महाग असते. शाळेत शेकडेवारी आणि नफा-तोटा शिकविताना अशी उदाहरणे घेतली, तर विद्यार्थी ती आवडीने सोडवतील आणि घरी जाऊन सांगतीलही.

आपोआप कापली जाणारी रक्कम

वर्गणीची रक्कम बहुधा बँक खात्यातून किंवा यूपीआयद्वारे आपोआप वजा होते. या व्यवहारांविषयी रिझर्व्ह बँकेने नियम घालून दिले असून, ते १ ऑक्टोबर २०२१ पासून काटेकोरपणे अमलात आले. त्यांनुसार पहिल्या नोंदणीच्या वेळी खातेदाराची खास संमती घ्यावी लागते. रक्कम वजा होण्यापूर्वी किमान २४ तास आधी सूचना द्यावी लागते. आणि खातेदारास ही संमती केव्हाही मागे घेता येते. सर्वसाधारण वर्गणीच्या बाबतीत जून २०२२ पासून १५,००० रुपयांपर्यंतची पुढील रक्कम प्रत्येक वेळी ओटीपी न विचारता वजा होऊ शकते. म्हणजे सूचनेचा संदेश न वाचणाऱ्या पालकाच्या खात्यातून महिनोन्‌महिने पैसे जात राहणे शक्य आहे.

मोबाईलवरील पुष्कळसे खेळ आरंभी विनामूल्य असतात. आभासी पोशाख, शस्त्रे किंवा पुढील पायऱ्या यांसाठी ते मधूनमधून थोडे थोडे पैसे मागतात. वडिलांचा मोबाईल आणि त्याचा गुप्त क्रमांक मुलाच्या हाती असल्यास ही रक्कम वाढण्यास वेळ लागत नाही. करार कायदा, १८७२ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती करार करण्यास पात्र नाही. परंतु नंतर दाद मागण्यापेक्षा गुप्त क्रमांक गुप्त ठेवणे अधिक सोपे होय. फसवणूक झाल्यास १९३० या सायबर गुन्हे मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे. सेवेविषयीच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक १९१५ उपलब्ध आहे.

पैजेचा खेळ हा खेळ नव्हे

तिसऱ्या प्रकाराविषयी संसदेने स्पष्ट भूमिका घेतली आहे. ऑनलाइन गेमिंगला प्रोत्साहन व नियमन यांसंबंधीचे विधेयक लोकसभेने २० ऑगस्ट २०२५ रोजी, तर राज्यसभेने २१ ऑगस्ट रोजी मंजूर केले आणि २२ ऑगस्ट रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्याने खेळांचे तीन वर्ग पाडले : ई-क्रीडा, सामाजिक खेळ आणि पैशाचे खेळ.

पैसे किंवा तत्सम काही भरून, त्या बदल्यात अधिक पैसे जिंकण्याच्या अपेक्षेने खेळला जातो तो पैशाचा खेळ. त्यात कौशल्य असो वा दैव, त्यास मनाई आहे. असा खेळ पुरविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड, अशी तरतूद आहे. केवळ खेळणाऱ्यास शिक्षा सांगितलेली नाही. त्याच्याकडे फसलेली व्यक्ती म्हणून पाहिले आहे. म्हणून कर्जात बुडालेल्या तरुणाने आणि त्याच्या कुटुंबाने भीतीपोटी गप्प बसण्याचे कारण नाही.

येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. खेळात प्रवेश मिळविण्यासाठी भरलेली वर्गणी म्हणजे पैज नव्हे, हे या कायद्याने मान्य केले आहे. कन्सोल, संगणक किंवा वर्गणी यांवर होणारा खर्च हा करमणुकीचा खर्च आहे. तो जास्त झाला तर कमी करता येतो. पैजेत हरलेली रक्कम परत मिळविण्यासाठी मनुष्य पुन्हा पैज लावतो आणि खर्चाला अंत राहत नाही. गावात ‘गेम’ या एकाच शब्दाखाली दोन्ही मोडतात, त्यामुळे एकतर सरसकट विरोध होतो किंवा सरसकट दुर्लक्ष. दोन्ही टाळावयास हवे.

वेळेची मर्यादा

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘गेमिंग विकार’ समाविष्ट असून, हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. खेळावर ताबा न राहणे, अन्य कामांपेक्षा खेळास अधिकाधिक प्राधान्य मिळणे आणि हानी होत असूनही खेळ चालूच ठेवणे ही त्याची लक्षणे होत. सर्वसाधारणपणे ती बारा महिने दिसून आली आणि दैनंदिन जीवन विस्कळीत झाले, तरच त्यास विकार मानतात. सुटीत दोन तास अधिक खेळणारा मुलगा रुग्ण ठरत नाही. परंतु शाळा सुटणे, झोप मोडणे, घरातील पैसे न सांगता घेणे अशी चिन्हे दिसल्यास शिक्षकांनी पालकांशी शांतपणे बोलावे. ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी विनामूल्य सल्ला मिळतो.

खेळाच्या वेष्टनावरील वयाचा आकडाही पाहावा. युरोपात २००३ पासून ३, ७, १२, १६ आणि १८ असे आकडे खेळांवर छापतात. हा आकडा खेळ किती अवघड आहे हे दर्शवीत नाही. त्यातील आशय कोणत्या वयास योग्य आहे, हे दर्शवितो.

खेळणाऱ्यांकडून घडविणाऱ्यांकडे

हा विषय केवळ सावधगिरीचा नाही. पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेने घडविलेला ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांच्या वातावरणातील खेळ २०२० मध्ये जगभरच्या कन्सोल व संगणकांवर प्रकाशित झाला. मुंबईत मे २०२५ मध्ये ‘वेव्हज’ ही दृक्‌श्राव्य क्षेत्राची जागतिक परिषद भरली. त्याच वर्षी मुंबईत भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्थेचे कार्य सुरू झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, गेमिंग आणि संलग्न क्षेत्रांसाठी स्वतंत्र धोरणास मंजुरी दिली. चित्रकार, संगीतकार, कथालेखक, गणितज्ञ आणि भाषांतरकार या सर्वांना या उद्योगात काम आहे. भोकरदन किंवा घनसावंगी येथील विद्यार्थ्यास या क्षेत्राची ओळख व्हावयाची, तर तिचा आरंभ त्याच्या आवडीच्या खेळापासूनच होऊ शकतो.

गावपातळीवर काय करता येईल

यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. शाळेच्या पालकसभेत अर्धा तास राखून मालकी, वर्गणी आणि पैज यांतील फरक सांगता येईल. ग्रामसभेत १९३०, १९१५ आणि १४४१६ हे तीन क्रमांक वाचून दाखवून फलकावर लिहिता येतील. गावच्या ग्रंथालयात किंवा शाळेत संगणक असल्यास त्यावर विनामूल्य साधने बसवून सुटीत आठवडाभराचा वर्ग घेता येईल. ज्याला खेळांची माहिती आहे असा गावातीलच एखादा महाविद्यालयीन तरुण हा वर्ग उत्तम प्रकारे घेऊ शकेल. त्याच्या मतांना मान मिळेल आणि मुलांनाही ते आपल्या भाषेत कळेल.

आणि कोणताही खेळ घेण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने स्वतःला चार प्रश्न विचारावेत. पैसे एकदाच द्यावयाचे आहेत की दरमहा? पैसे देणे थांबविल्यावर हाती काय उरेल? आपल्या घरच्या विजेवर आणि इंटरनेटवर तो चालेल का? आणि पैसे भरून पैसे जिंकण्याचे आमिष त्यात आहे का? चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असल्यास पहिल्या तिहींचा विचारही करू नये.

घरचे बी राखावे की संकरित बी घ्यावे, हे जालन्याचा शेतकरी आपली जमीन, पाणी आणि ऐपत पाहून ठरवितो. सर्वांसाठी एकच उत्तर तो शोधत नाही. कन्सोल, संगणक आणि वर्गणी यांबाबतही तसेच आहे. त्याच्या शेतातील हा हिशेब आता त्याच्या मुलांच्या हातातील पडद्यापर्यंत पोहोचला पाहिजे.